आमचा नायक बोलत नाही

गेम खेळताना नायक गप्प आहे हे जाणवतही नाही. कंट्रोलर आपल्या हातात, भीतीही आपलीच. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये गॉर्डन फ्रीमन शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही. असा माणूस टीव्हीवर आणला की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो: हा मुका आहे का?

आम्ही अशाच एका गेमवरून मालिका लिहितोय. चॅनलच्या मॅडमचा तोडगा तयार होता, व्हॉइसओव्हर. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे मालिका कानांनी बघतात, पोळ्या लाटता लाटता. पण मनातल्या मनात अखंड बडबडणारा आणि समोरच्याशी अवाक्षर न काढणारा माणूस शिष्ट वाटतो. मग कुणीतरी ‘पुष्पक’ या बिनसंवादाच्या सिनेमाचं नाव काढलं, प्रत्येक बैठकीत कुणीतरी काढतंच. अहो, तिथे सगळेच गप्प आहेत. इथे बाकीचे बोलतात आणि हा एकटा नाही.

‘फॉलआउट’ गेमवरून मालिका करणाऱ्यांनी २०२४ मध्ये गेममधला, खेळाडू चालवतो तो नायक घेतलाच नाही, तेच जग ठेवून ल्यूसी, मॅक्सिमस, घूल अशी नवी माणसं उभी केली. आमच्या करारात ती पळवाट नाही.

परवा मॉक शूट झालं. सीन एवढाच: नायक एका म्हातारीच्या दारात तिच्या मेलेल्या मुलाचा चाकू घेऊन उभा. आमचा हिरो दर वाक्याला मान डोलवायचा. मान डोलवणं हाही संवादच, फक्त आवाज नसलेला. ते काढून टाकलं. मग दिग्दर्शकाने खरी युक्ती केली: म्हातारीने प्रश्न विचारला की कॅमेरा हिरोवर न्यायचाच नाही, तिच्यावरच ठेवायचा. उत्तराची वाट बघणारा चेहरा. म्हातारी करणाऱ्या, रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या ताईंनी आधी विचारलं, मग दटावलं, मग स्वतःच उत्तरं द्यायला लागल्या. पाऊण पानाचा सीन तीन मिनिटं चालला आणि मॉनिटरमागे कुणी फोनला हात लावला नाही. हे श्रेय दिग्दर्शकाचं. माझ्या पानावर फक्त ‘तो गप्प’ होतं.

आमचा इंटर्न मात्र खूश नव्हता. त्याच्या मते ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये नायक लिंक गप्प का, हे राजकन्या झेल्डाच्या डायरीत सापडतं: सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून तो ओझं मुकाट सोसतो. “कारण दुसऱ्याने सांगितलं तरी माणूस लिंकच राहतो. इथे सीन ताईंचा झाला, दादा. गेममध्ये ते दार वाजवायचं की नाही, हे मी ठरवायचो.” पोरगं उद्धट आहे, पण मला त्याला उत्तर देता आलेलं नाही.

चॅनलला सीन आवडला. निरोप आला, म्हातारी वाढवा. दुसऱ्या भागात नायक अख्खा वेळ डोंगरात एकटा आहे, प्रश्न विचारायला तिथे चिटपाखरू नाही. व्हॉइसओव्हरची मेल पुन्हा आली आहे.