बाटलीतला सालदार

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत पाणवनस्पतींना कोणी गॅस सोडायला जात नाही. तळाचा गाळ कुजतो, त्यातून त्यांना हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड मिळतो. तीच वनस्पती घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत आणून वर एलईडी लावला की तिचं तोंड उतरतं. उजेड भरपूर, कार्बन अपुरा. मधल्या मधे शेवाळाचं फावतं. यावर घरगुती इलाज म्हणजे साखर खाऊन गॅस सोडणारं यीस्ट. गडी स्वस्त आहे, पण फार हट्टी.

बाटली 2 लिटरची, कोल्ड्रिंकचीच घ्यावी. पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. नळीसाठी मेडिकलमधला सलाईनचा सेट झकास. त्यातली थेंब पडायची फुगीर डबी अर्धी पाण्याने भरून, खालून गॅस येईल अशी उभी बांधली की बुडबुडे मोजता येतात. नळीवरची चाकी मात्र काढूनच टाकावी. ती कोणी हौसेने बंद केली, तर यीस्ट थांबत नाही, बाटली फुटते.

झाकणाला भोक नळीपेक्षा किंचित लहान पाडायचं, नळीचं टोक तिरकं कापून पकडीने ओढून घ्यायचं. भोवती एम-सील लावतातच, पण झाकणाच्या प्लास्टिकला ते नीट धरत नाही. खरी पकड त्या घट्ट भोकाची. साबणाचं पाणी लावून बघितलं की गळती लगेच कळते. यीस्टची बाटली आणि टाकी यांच्या मध्ये एक लहान बाटली अर्धी पाण्याने भरून ठेवायची. पहिलीची नळी तिच्या पाण्यात बुडलेली, पुढची झाकणाखालीच संपणारी. फेस तिथेच अडतो. तो टाकीत गेला तर पाणी दुधाळ होतं, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. फुगीर डबीच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा, नाहीतर रात्री बाटली गार झाली की टाकीचं पाणी उलटं ओढलं जातं.

माप असं: साखर 200 ग्रॅम, पाणी दीड लिटरच्या आत, चिमूटभर खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे), पाव चमचा कोरडं यीस्ट. यीस्ट आधी अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखरेसोबत पंधरा मिनिटं फुलवावं. फेस आला नाही तर ते मेलेलं आहे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंगचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवावं. साखरेच्या निम्म्या वजनाचा गॅस होतो आणि उरलेल्याची दारू. म्हणून टाकीच्या आडोशाला मोहाच्या भट्टीसारखा वास येतो आणि पाहुणे घरमालकाकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

हिवाळ्यात ही बाटली दोन-तीन आठवडे चालते. मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, तीच बाटली चार दिवस उधळते आणि मग गप्प बसते. त्यासाठी चायना ग्रास (जेली थिजवायला वापरतात ते अगर). 500 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम उकळून विरघळवायचं, साखर त्यातच घालायची, हाताला सोसेल इतकं निवलं की बाटलीत ओतायचं. थिजलं की वरून यीस्टचं पाणी. यीस्टला साखर थोडी थोडी मिळते. जिलेटिन इथे कामाचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते घरातच वितळतं. बाटली कुलरसमोर, पाण्याच्या बादलीत ठेवली तर आणखी बरं.

रात्री उजेड नसतो, झाडं गॅस घेत नाहीत, पण यीस्टला रात्र कळत नाही. रात्री नळी पाण्याबाहेर काढून ठेवावी किंवा एअर पंप चालू ठेवावा. लोडशेडिंगमध्ये पंपही बंद, त्यामुळे दिवे गेले की आधी नळी बाहेर. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर तिसरा हिस्सा पाणी लगेच बदलायचं.

आणि बोरवेलचं जड पाणी, त्यात हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया असेल तर एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. ही झाडं त्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधल्या कार्बनवरही भागवतात. धानाच्या बांधीत उगवणाऱ्या रोटाला जातीची झाडं टाकीत लालबुंद करायची हौस असेल, तरच बाटली भरावी.

साध्या साखरपाण्याची बाटली संपली की वरचं आंबट पाणी उकिरड्यावर ओतावं. तळाचा दोन बोटं गाळ मात्र ठेवावा. पुढच्या बाटलीला तोच विरजण.