लातूरच्या आडत बाजारात चीनवर वाद

या लातूर फेरीत खरोशाची लेणी, औशाचा किल्ला बघून आणि निलंगा राईस खाऊन, सगळं झालं. लिहायचंय ते लातूरच्या आडत बाजाराबद्दल. तिथं मी फिरायला नव्हे, मामांचं सोयाबीन घालायला गेलो होतो.

2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. आडतीत मात्र त्याहून बराच कमी बोलत होते. चार पैसे जास्त मिळतील म्हणून हमीभाव केंद्रावर गेलो, तर आधी ऑनलाइन नोंदणी, त्यासाठी ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून केलेली पिकाची नोंद, मग मेसेजची वाट, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. सावली नाही, पाणी नाही. मी वैतागलो, मामा नाही. त्यांना सवय आहे.

शेजारच्या पोत्यावर एक तात्या बसले होते. हयात शेकापमध्ये, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षात, गेलेली. मी अर्थशास्त्र शिकवतो हे मामांनी सांगून टाकलं, आणि संपलंच.

"पावणं, चीनमधी बी सरकार अन् बाजार दोन्ही हायेत की. तिथं असंच हाल हायेत का?"

म्हटलं, तात्या, 1980च्या दशकात तिथंही एकाच मालाला दोन भाव होते. ठरलेला कोटा सरकारी दरानं द्यायचा, वरचा माल बाजारभावानं विकायचा. फरक एवढाच, की तिथं सरकारी भाव खाली आणि बाजार वर. मग ज्यांचे हात वरपर्यंत पोचलेले, ते सरकारी दरानं उचलायचे आणि बाजारात विकायचे. लोकांचा जो संताप 1989 साली रस्त्यावर आला, त्यात हेही एक कारण होतं.

तात्या खूश. "म्हंजी आपल्याकडं उलटं. व्यापाऱ्यानं आडतीतनं घ्यायचं अन् दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर घालायचं. खाणारा तोच!"

मग जमिनीवर आलो. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची, गावातली गावाच्या सामूहिक मालकीची. शेतकऱ्याला कसण्याचा हक्क 30 वर्षांच्या करारानं मिळतो. तो दुसऱ्याला कसायला देता येतो, पण जमीन विकता येत नाही. मोठ्या बँका, तेल, रेल्वे, वीज सरकारकडे, आणि त्यांच्याभोवती खासगी कारखान्यांचा बाजार. तिथल्या कम्युनिस्ट पक्षानं 1992 साली या मेळाला नाव दिलं, समाजवादी बाजार अर्थव्यवस्था.

"थांबा. माझी जमीन इनामाची, वर्ग दोन. कलेक्टरच्या परवानगीबिगर विकता येत न्हाई. म्हंजी मी चीनमधीच ऱ्हातो की!"

आसपासचे सगळे हसले. मीही हसलो, पण हा माणूस माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांपेक्षा लवकर मुद्द्याला पोचला होता. मालकी म्हणजे एकसंध दगड नव्हे. कसणं, विकणं, गहाण टाकणं, भाव ठरवणं असे त्यातले हक्क सुटे करता येतात. कुठला हक्क कुणाच्या हातात राहतो, तिथंच सगळं राजकारण. मला वाटतं, चीननं जमीन सोडली नाही आणि भाव बऱ्याच अंशी सोडला. आपण जमीन सोडली आणि भाव धड धरलाही नाही.

"अन् संप?" तात्यांनी विचारलं.

संपाचा हक्क चीनच्या राज्यघटनेतून 1982 सालीच काढून टाकलाय. हे ऐकून ते भडकले. "मग लाल बावटा कशाला लावलाय त्येंनी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढची दहा मिनिटं ते माझ्याशी असे भांडले, जणू तो हक्क मीच काढला होता.

मामांनी शेवटी आडतीतच घातलं. हमाली-तोलाई कापून हिशोबाची पट्टी हातात आली. तात्या मात्र हमीभावाशिवाय देणार नाही म्हणून हटून बसले होते. ओलावा मोजायचं यंत्र दुपारनंतर चालू होणार होतं म्हणे.