गॅदरिंगचे काका

डिसेंबर लागला की शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. नाटकाच्या तालमी, लेझीम, भाड्याने आणलेले पोशाख. पण मला आधी आठवतात ते काका. ते हवाई दलात आर्मामेंट फिटर होते, म्हणजे विमानांवर शस्त्रं चढवणारे, हुद्दा कॉर्पोरल. पंधरा वर्षांची नोकरी संपवून गावी आले, एसटीच्या डेपोत लागले, आणि दर वर्षी आमच्या स्टेजची वायरिंग, पडदा, माइक असं सगळं हौसेनं बघायचे.

खेळांच्या दिवशी सकाळी ते आम्हाला मैदानाच्या कडेला हातभर अंतरावर ओळीत उभं करत. मान खाली, पावलं हळू. खडा, खिळा, काच, दिसेल ते उचलायचं. धावपट्टीवर असंच चालतात म्हणायचे. एवढासा खडा इंजिनात ओढला गेला तरी पाती मोडतात.

तालीम आटोपली की पडद्यामागे चहा, आणि आमचा हट्ट एकच : काका, ७१चं सांगा. तेव्हा ते जैसलमेरला होते. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे राजस्थानच्या सीमेजवळच्या लोंगेवाला चौकीवर चालून आले. हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे उजाडायची वाट बघणं आलं. ५ तारखेला फटफटताच पहिली जोडी गेली, मग दिवसभर तेच. विमान उतरलं की पोटाखालचा तोफांचा अख्खा पॅक काढायचा, ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफांचा, आणि भरलेला दुसरा चढवायचा. सांगताना त्यांची बोटं हवेत बोल्ट आवळत असायची. "गेलेली मोजायची, आलेली मोजायची," एवढं बोलून ते चहाचा कप खाली ठेवत. लोंगेवाला म्हटलं की ती चौकी लढवणारे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि वैमानिक आठवतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती बोटं दिसतात.

त्यांची हत्यारं एका प्लायवूडच्या फळीवर टांगलेली असायची. प्रत्येकाखाली त्याच्याच आकाराची काळी रेघ. जागा रिकामी दिसली की काय राहिलंय ते लगेच कळायचं. फळी भरल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

काका गेले त्या वर्षी काकूंनी ती फळी शाळेला दिली. गॅदरिंग संपलं, पाहुणे गेले, मंडप उतरवायला घेतला, आणि पकडीची जागा रिकामी दिसली. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळे ओळीत उभे राहिलो, हातभर अंतरावर, मान खाली घालून. बाराच्या सुमारास पडद्याच्या घडीत ती सापडली.