मडक्यावरचा उजेड आणि म्युनिकचे आझबे मास्तर

खानापूरच्या कुंभाराकडून आणलेले एक लाल मडके माझ्या चित्रकलेच्या वर्गात खिडकीशेजारी स्टुलावर ठेवलेले असते. मुलांना माणसाचा चेहरा काढायची घाई असते, पण मी आधी त्यांना मडके काढायला लावते. उजेड थेट कुठे पडतो, कुठे मावळत जातो, सर्वांत गडद पट्टा कुठे येतो आणि त्या पट्ट्याच्याही पलीकडे, अगदी कडेशी, स्टुलावरून परतलेला पुसट उजेड कसा दिसतो, हे मडक्यावर कळले की गाल, कपाळ आणि हनुवटी यांचे कोडे बरेचसे सुटते. ही रीत मला बेळगावातल्या माझ्या गुरुजींनी दिली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये एक स्लोव्हेनियन चित्रकार 'गोलाचे तत्त्व' या नावाने नेमके हेच शिकवत असत, हे वाचनात आल्यापासून त्या माणसाने माझ्या मनात घर केले आहे.

अँटोन आझबे यांचा जन्म 1862 साली श्कोफ्या लोका या गावाजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील लवकर गेले, शरीर खुरटलेले आणि पाय अधू, त्यामुळे शेती होणार नाही म्हणून त्यांचा सांभाळ करणाऱ्या पालकाने त्यांना व्यापाराच्या उमेदवारीला धाडले. तिथे त्यांचे मन रमले नाही. ल्युब्लियानात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत, यानेझ वोल्फ या चित्रकाराकडे ते शिकले, मग व्हिएन्नाच्या आणि पुढे म्युनिकच्या कला अकादमीत गेले. वास्तववादी व्यक्तिचित्रणात त्यांचा हात पक्का होता. 1891 साली त्यांनी म्युनिकमध्ये स्वतःची शाळा काढली आणि 1905 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने जाईपर्यंत ती चालवली.

आझबे मातृभाषेत बोलणारे घर सोडून परक्या शहरात जर्मनमधून शिकवत होते. बोलताना 'नेम्लिश', म्हणजे आपल्याकडच्या 'म्हणजे'सारखा एक शब्द, सतत तोंडी येई, म्हणून विद्यार्थी त्यांना 'प्रोफेसर नेम्लिश' म्हणत. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत आणखी तिसरीच भाषा अशा सीमाभागात वाढलेल्या मला हा तपशील फार जवळचा वाटतो, कारण शब्द अडतात तेव्हा कोळसा हातात घेऊन कागदावरच सांगावे लागते, हे मी रोज अनुभवते.

त्यांची दुसरी शिकवण रंगाची होती. रंग पॅलेटवर घोटून मळकट करू नयेत, शुद्ध रंगांचे रुंद फटकारे शेजारी शेजारी ठेवावेत, असे ते सांगत. गोलाचे तत्त्व आकार घट्ट धरून ठेवते, तर रंगाचे हे तत्त्व हात मोकळा करते. दोन्ही एकाच शिक्षकाकडून मिळणे ही त्या विद्यार्थ्यांची मोठी मिळकत होती, असे मला वाटते. म्हणूनच त्यांच्या वर्गातून एका साच्याची माणसे निघाली नाहीत. रिहार्ड याकोपिच, मातिया यामा आणि मातेय स्टर्नेन हे स्लोव्हेनियन दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) तिथले, आणि कायद्याचे क्षेत्र सोडून तिशीत चित्रकलेकडे वळलेले, पुढे अमूर्त चित्रांसाठी गाजलेले रशियन चित्रकार कान्डिन्स्कीही तिथलेच. म्युनिकच्या अकादमीत स्त्रियांना प्रवेश नसण्याच्या त्या काळात सर्बियाच्या चित्रकार नादेझ्दा पेत्रोविच यांनाही आझबे यांनी शिकवले. कित्येकांकडून ते फी घेत नसत, असे कान्डिन्स्कींनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे घडले, हे इथल्या चित्रकारांच्या घरी आजही अभिमानाने सांगितले जाते, त्यामुळे शिष्यांच्या नावाने गुरूची ओळख होणे आम्हाला नवे नाही. तरी आझबे यांच्याबाबतीत मला एक गोष्ट टोचते. नक्की त्यांचीच म्हणता येतील अशी चित्रे अगदी मोजकी उरली आहेत. तब्येत, एकटेपणा, अकाली मृत्यू ही कारणे असतीलच, पण दिवसभर इतरांचे कागद सुधारणाऱ्या हाताला स्वतःच्या कॅनव्हाससाठी किती जोर उरतो, हे वर्षाअखेरीस शंभर वह्या तपासणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको.

ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांनी रंगवलेले एका कृष्णवर्णीय स्त्रीचे व्यक्तिचित्र आहे. त्याची छापील प्रत मी मडक्यामागच्या भिंतीवर लावली आहे, आणि त्या गालावरचा उजेड कुठून कुठे वळतो, हे मुले आता मडक्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने पाहून बोटाने दाखवतात.