काकू, जरा बाहेर बसता का?

दर महिन्याच्या नऊ तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी असते. त्या दिवशी लॅबच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. मी तिथे टेक्निशियन आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात ढवळायचं, पाच-दहा मिनिटांत संपवायला लावायचं आणि दोन तासांनी शुगर बघायची. उपाशी यावं लागत नाही, जेवून आलं तरी चालतं. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं, म्हणून मी प्रत्येकीला सांगते, घाई नको, घोट घोट घे.

ग्लास हातात देताना मी विचारते, "घरात कुणाला शुगर?" उत्तर सोबत आलेल्या सासूबाई देतात, "आमच्यात कुणालाच नाही." सून मान हलवते. पण मला हवी असते माहेरची माहिती. आईवडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला मधुमेह असेल तर तिचा धोका वाढतो. आणि माहेरचं आजारपण सासरी सांगायचं नाही, ही शिकवण बहुतेक मुली लग्नात सोबत घेऊन येतात. लग्न ठरताना लपवलेली गोष्ट आता सगळ्यांसमोर कशी बोलणार? म्हणून मी म्हणते, "काकू, जरा बाहेर बसता का? इथे गर्दी होतेय."

अशीच एक मुलगी होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). काडीसारखी बारीक, दुसरी खेप, तिसरा महिना. दोन तासांनी 118 आली. सासूबाई म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? हिला कुठली शुगर, अंगावर मांस तरी आहे का!" त्या बाहेर गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आईला दोन्ही वेळच्या गोळ्या आहेत. इकडे माहीत नाही." पहिलं बाळ किती किलोचं होतं, विचारलं. "चार किलो शंभर. सगळ्यांनी पेढे वाटले." बाळ एवढं मोठं, म्हणजे तेव्हाही शुगर चढली असू शकते. मी तिच्या कार्डावर पेन्सिलीने खूण केली आणि आशाताईंना निरोप दिला, सहाव्या महिन्यात हिला काही करून आणा. त्या घेऊन आल्या. 168.

पहिली तपासणी नॉर्मल आली की घरचे म्हणतात, आता पुन्हा साखरपाणी कशाला? पण वार वाढते तशी तिच्यातून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं आणि ज्यांची तेवढी ताकद नसते त्यांची शुगर चढते. हे सगळं मुख्यतः सहाव्या-सातव्या महिन्यात उघड होतं. म्हणूनच 24 ते 28 आठवड्यांत दुसरी तपासणी असते.

बारीक अंगकाठीचा भरवसा तर धरूच नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं इतकी लहान, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होतं ते मांस. आपल्या शरीराची घडणच अशी, म्हणून वजनाची रेषाही आपल्यासाठी खाली आहे. पाच फुटी बाईचं वजन दिवस राहण्याआधी 53-54 किलोच्या पुढे असेल, तर ते जास्तच धरायचं.

बाकीचं मी भरभर विचारून घेते. वय तिशीच्या पुढे? पाळी अनियमित, पीसीओडीच्या (अंडाशयाच्या त्रासाच्या) गोळ्या घेतल्या होत्या? मागच्या खेपेला शुगर वाढली होती? पोटातच बाळ गेलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा नुसतं रडू येतं. अशा वेळी मी रांग थांबवते. मागचे ओरडले तरी चालेल.

त्या मुलीला डॉक्टरांनी आधी आहार लावून दिला. भाताची वाटी अर्धी, उसळ रोज, दोन जेवणांच्या मध्ये थोडं खाणं. दोन आठवड्यांत जेवणानंतरची शुगर 120 च्या खाली आली. आली नसती तर गोळी किंवा इन्सुलिन, आणि त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. शुगर तशीच राहिली असती तर मात्र बाळ मोठं होऊन प्रसूतीत खांदा अडकण्याची, जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम उतरण्याची भीती होती. तिचं बाळ तीन किलोचं झालं.

बाळंतपणानंतर शुगर बहुतेक वेळा उतरते आणि फाइल कपाटात जाते. पण या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून दीड महिन्याच्या डोसाला बाळाला घेऊन याल, त्या दिवशी स्वतः उपाशी या आणि लॅबमध्येही डोकवा. सोबत कुणी असेल तर त्यांना बाहेर बसवायचं काम माझं.