मुंबई ते न्यूयॉर्क: आईबरोबरचे सोळा तास

बहिणीच्या बाळंतपणासाठी मे महिन्यात आईला घेऊन न्यूयॉर्कला जाऊन आलो. जाताना थेट विमान, येताना दुबईमार्गे. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर थेट विमानच घ्या.

तिकिटावर सुटायची वेळ रात्री १.३० आणि पोचायची सकाळी ८. आई म्हणाली, "म्हणजे साडेसहा तासच की!" या वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे प्रवास सोळा तासांचा. आणि १२ तारखेच्या रात्री १.३० चं विमान असेल, तर ११ लाच रात्री दहाच्या आत विमानतळावर हजर व्हायचं. ही तारखेची चूक भल्याभल्यांची होते. पुणेकरांनी घाटातली गर्दी धरून दुपारीच घर सोडावं.

थेट अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेला चढून आइसलँडजवळून खाली उतरतो. विमान नेमकं कुठून जाणार, हे वारा आणि खुल्या हवाई हद्दी यांवर ठरतं. दुबईमार्गे अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढतं, पण वेळ वीस-बावीस तासांवर जातो. येताना पाठीवर वारा असल्याने न्यूयॉर्क-दुबई टप्पा साडेबारा तासांत झाला, जाताना त्यालाच चौदा लागतात.

तरी दुबईत आमची धावपळ झालीच. मध्ये दोनच तास होते, विमान उशिरा टेकलं, आणि व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. पुढच्या विमानाचं दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो. व्हीलचेअर घेणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा.

आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांची मला फार धास्ती होती. डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार वेळापत्रक लिहून आणलं होतं. आईने ते घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदललं नाही. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. दर दोन तासांनी मी तिला उठवून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालवत होतो, तरी बाराव्या तासाला पाय इतके सुजले की चपलेत अंगठा शिरेना. सैल बूट न्या आणि आतल्या वाटेकडेची सीट आधीच पैसे भरून घ्या.

पोचल्यावर पहिले चार दिवस आई पहाटे तीनला टक्क जागी. बाळही नेमकं तेव्हाच उठायचं. आई त्याला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहायची, आणि बहिणीला तेवढीच झोप मिळायची.