घट कसली?

लोकांच्या आठवणींचं शब्दांकन करणं हा माझा धंदा. पंच्याहत्तरी आली की मुलं आईवडिलांचं छोटं पुस्तक काढतात, तेव्हा मला बोलावणं येतं. लालबागच्या या घरात काका कापड गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवर काम केलेले, मूळ साताऱ्याकडचे. मुलाने गिरणी संपाचं प्रकरण आधीच लिहून ठेवलं होतं. १८ जानेवारी १९८२, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत, अडीच लाख कामगार, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, सगळं होतं. शिवाय 'आमच्यावर आभाळ कोसळलं' आणि 'आईच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं'.

ते मी काकांना वाचून दाखवलं. मोठ्याने, कारण साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांचे कान गेलेले असतात. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "चांगलं लिवलंय. कुणाचं हाय?"

मुलगा ओशाळला. मी वही मिटली आणि विचारलं, "घरातलं पहिलं काय विकलं?" त्या वेळी कसं वाटलं, असं मी कधीच विचारत नाही. तसं विचारलं की माणूस भाषण करतो.

"डबा. पितळी."

काकूंच्या लग्नात त्यांच्या भावाने दिलेला, झाकणावर नाव घातलेला. पगार बंद होऊन महिने लोटले होते. दोघं मोडीच्या दुकानात गेले, काकू पायरीखालीच थांबल्या. दुकानदाराने डबा तराजूत टाकला, पुन्हा उचलला. कडी लोखंडी, तिचं वजन धरणार नाही म्हणाला. पक्कडीने ती उपटली, डबा तोलला आणि वर पुन्हा घट म्हणून वजनातून कापून घेतलं.

"कडी काढली ना? मग घट कसली?" काका खाटेवरून अर्धे उठले होते. एका हाताने तराजू धरल्यासारखं करून दुसऱ्या हाताने काटा दाखवत होते. मानेच्या शिरा ताठ झालेल्या. चाळीस वर्षांनंतर भांडण चाललं होतं.

"तेव्हा बोलला नाहीत?"

"ही खाली उभी व्हती. हिला ऐकू गेलं असतं."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "ताई, हे नको घालूया. चार पैशांसाठी बाबा असे... चिकट दिसतील." मला ते पटलं नाही. आभाळ कोसळलेली घरं मी पुष्कळ लिहून दिली आहेत, एकातलं काढून दुसऱ्यात घातलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. घटीवरून चिडलेला माणूस मात्र हा एकच. मी रेकॉर्डिंग लावलं. 'हिला ऐकू गेलं असतं' हे त्याने दोनदा ऐकलं आणि आपली पानं परत मागून घेतली. डब्याची हकिगत त्याला पहिल्यांदाच कळत होती.

छपाईआधी काकांना प्रकरण पुन्हा वाचून दाखवलं.

"दुकानदाराचं नाव घाला."

"नाही घालता येणार, काका."

"मग तराजू खोटा व्हता, येवढं तरी घाला."

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"आता सांगतोय की!"